हात दिसू द्या, मान ताठ ठेवा : नाओमीबाईंचा रविवारचा वर्ग

नाओमी वरसुलकरबाईंची आणि माझी पहिली भेट टोरोंटोच्या स्कारबरो भागातल्या एका बसथांब्यावर झाली. नागपूर सोडून आम्हाला तेव्हा जेमतेम एक हिवाळा झाला होता. थांब्याच्या काचेच्या आडोशाला उभी राहून मी भावाशी फोनवर बोलत होते; खरे सांगायचे तर भांडत होते. "तू काय करून राहिला रे तिथं? आईचा व्हिसा अप्लाय केला की नाही?" असे काहीतरी मी ओरडले असणार, कारण फोन ठेवून वळले तेव्हा निळा जाड कोट घातलेल्या एक वयस्क बाई माझ्याकडे मोठ्या कौतुकाने बघत होत्या.

"नागपूरच्या का?" त्यांनी विचारले. मराठी स्वच्छ, पण तिला अलिबागकडचा हेल.

मी ओशाळून हो म्हटले.

"आवाज खणखणीत आहे हो तुमचा. रविवारी दुपारी मोकळ्या असता का? मला एक पोलीस हवाय."

बाई थट्टा करताहेत असे मला वाटले. तेवढ्यात बस आली, आम्ही शेजारी शेजारी बसलो, आणि माझा थांबा येईपर्यंत त्यांनी मला सगळे समजावून सांगितले. त्या हायस्कुलात कायदा आणि इतिहास शिकवून नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. दर रविवारी दुपारी एका चर्चच्या बेसमेंटमध्ये त्या आणि त्यांच्या मैत्रीण जॉयस मिळून एक वर्ग चालवत. वर्गाला येणारी मुले-मुली कृष्णवर्णीय, नववी ते बारावीतली. विषय एकच : रस्त्यात पोलिसांनी थांबवले तर काय करायचे, काय बोलायचे, आणि धडधाकट घरी कसे पोचायचे. सरावासाठी कोणीतरी पोलीस व्हावे लागे. आधी हे काम करणारे गृहस्थ मुलीकडे राहायला दूर सरे शहरात निघून गेले होते, त्यामुळे जागा रिकामी होती.

ती जागा मी भरली आणि अजून सोडलेली नाही. आठवडाभर एका बँकेच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या आणि रविवारी दुपारी मुलांवर खेकसायचे, असा माझा दुहेरी संसार सुरू झाला. बाईंच्या पंचाहत्तरीनिमित्त हा गौरवग्रंथ निघणार असे कळले आणि लेख मागितला गेला, तेव्हा आपण कोणत्या अधिकाराने लिहायचे असा प्रश्न मला पडला होता. बाईंवर लिहायला त्यांचे विद्यार्थी आहेत, सहकारी शिक्षक आहेत. मग वाटले, मी त्यांची पोलीस आहे. एवढा अधिकार पुरे.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. बाई बेने इस्रायल समाजातल्या, म्हणजे पिढ्यान्पिढ्या कोकणात राहिलेल्या मराठीभाषक ज्यूंपैकी. बालपण अलिबागेत गेले, कॉलेज मुंबईत झाले. वडील फौजदार होते. लग्न होऊन त्या टोरोंटोला आल्या, सुरुवातीला एका बेकरीच्या काउंटरवर उभ्या राहिल्या, मग इथली शिक्षकाची पात्रता मिळवली आणि निवृत्तीपर्यंत स्कारबरोतच शिकवत राहिल्या. शाळेतली मुले त्यांना 'मिस व्ही' म्हणत, कारण वरसुलकर हे आडनाव कोणाच्याच जिभेला वळत नसे. बाई मात्र प्रत्येक मुलाचे नाव पहिल्या आठवड्यात अचूक उच्चारायला शिकत. घानाच्या, सोमालियाच्या, जमैकाच्या घरांतली नावे त्या आरशासमोर उभ्या राहून घोटत असत, असे त्यांच्या यजमानांनीच मला हसत हसत सांगितले आहे.

वर्ग रविवारी दुपारी ठेवण्याचे कारणही गमतीचे आहे. शनिवारी बाईंचा शब्बाथ, त्या दिवशी त्या काम करत नाहीत. रविवारी सकाळी जॉयस आणि मुलांची चर्चमधली प्रार्थना. दोन्ही धर्मांना जमेल अशी वेळ तेवढीच उरत होती.

माझा पहिला रविवार मला लख्ख आठवतो. घडीच्या चार खुर्च्या मांडून गाडी केली होती. ड्रायव्हरच्या खुर्चीत कोफी नावाचा उंच, सतत हसणारा मुलगा बसला होता. बाईंनी खूण केली, तशी मी पुढे झाले आणि माझ्या नागपुरी वळणाच्या इंग्रजीत गरजले. सगळा वर्ग हसून लोळायचा बाकी राहिला.

"मिस, फॉर रियल? ही पोलीस तर आमच्या गणिताच्या सरांसारखी बोलते!" कोफी म्हणाला.

"पुन्हा," बाई मला म्हणाल्या. "आता भावाशी बोलत होतात तसं."

मी खुर्चीच्या पाठीवर मूठ आपटली आणि ओरडले, "लायसन्स!" कोफीचा हात झटकन जॅकेटच्या खिशात गेला. त्याच्या चेहऱ्यावरचे हसू कुठल्या कुठे गेले होते.

"थांबा," बाई म्हणाल्या. त्या जवळ आल्या. "कोफी, तुझा हात कुठे आहे?"

"खिशात, मिस."

"कशाला?"

"लायसन्स काढायला."

"हे तुला ठाऊक आहे. त्यांना ठाऊक आहे का?"

कोफीने हात हळूच खिशातून बाहेर काढला.

"हात आधी स्टिअरिंगवर. दोन्ही. आता तोंडानं सांग, लायसन्स माझ्या उजव्या खिशात आहे, काढू का? त्यांनी हो म्हटल्यावर हात हलवायचा. सावकाश. चला, पुन्हा."

त्या दुपारी कोफीने ते इतक्या वेळा केले की शेवटी माझा घसा बसला, पण त्याचा आवाज कापायचा थांबला. जिन्याने वर येताना मी बाईंना म्हटले, "मला त्याच्यावर ओरडताना फार वाईट वाटलं." बाई म्हणाल्या, "वाटू दे. पण ओरडा मात्र तसंच. पहिल्यांदा ते ओरडणं त्यानं इथे ऐकलेलं बरं."

बाई नेमके काय शिकवतात, याचे अनेकांना कुतूहल असते. कायद्याचा भाग त्यांचा. पायी जाताना अडवले तर पळायचे नाही, वाद घालायचा नाही, शांतपणे विचारायचे, 'मला अडकवून ठेवलं आहे, की मी जाऊ शकतो?' गाडी चालवत असाल तर कागद दाखवावेच लागतात. झडती घ्यायला आपली संमती नसेल तर ती नाही असे शब्दांत सांगायचे, अंगाने विरोध करायचा नाही. अटक झाली तर नाव सांगायचे, वकील मागायचा, आईवडिलांना बोलवायला सांगायचे आणि पुढे तोंड बंद ठेवायचे. समोरच्याचे नाव आणि बिल्ला क्रमांक लक्षात ठेवायचा. श्वासाचा भाग जॉयस यांचा. त्या आयुष्यभर नर्स होत्या. राग आला की छातीत काय होते, भीती वाटली की बोटे का थरथरतात, आणि आवाज खाली कसा आणायचा, हे त्या करून घेतात. वर्ग संपला की बाई दारात उभ्या राहून प्रत्येकाला निरोप देतात, "हात दिसू द्या, मान ताठ ठेवा." मुले त्यांच्या लकबीत हे वाक्य एकमेकांना म्हणून दाखवतात, आणि बाईंना ते ठाऊक आहे.

हा वर्ग सुरू कसा झाला, ते मला बाई आणि जॉयस या दोघींनी मिळून सांगितले. जॉयस यांचा मुलगा ट्रेव्हर शाळेत बाईंच्या कायद्याच्या वर्गात होता. अभ्यासात बरा, बोलण्यात तल्लख. एका हिवाळ्यात तो अचानक यायचा बंद झाला. परत आला तेव्हा त्याचा हात गळ्यात होता. बसथांब्यावर उभा असताना पोलिसांनी त्याला हटकले होते. ते दुसऱ्याच कोणाला शोधत होते. बसपास दाखवायला म्हणून त्याने कोटाच्या आत हात घातला, आणि दुसऱ्या क्षणी तो बर्फावर पालथा पडलेला होता. खांद्याचे हाड मोडले.

तास संपल्यावर बाईंनी त्याला थांबवून चौकशी केली. तो म्हणाला, "मिस, तुम्ही आम्हाला देशाचे सगळे हक्क शिकवलेत. मला परीक्षेत ते पाठ होते. पण हात कुठे ठेवायचे, ते कुठल्याच धड्यात नव्हतं."

बाई त्याच संध्याकाळी ट्रेव्हरच्या घरी गेल्या. जॉयस यांनी दार उघडले. बाईंनी आपण मुलांसाठी असा एक वर्ग काढू इच्छितो असे सांगितले. जॉयस यांनी त्यांना आत घेतले, चहा दिला आणि मग शांतपणे विचारले, "तुम्हाला काय वाटतं, आम्ही आमच्या मुलांना हे शिकवत नाही? ट्रेव्हर आठ वर्षांचा असल्यापासून मी त्याला सांगत आलेय. हुडी डोक्यावर ओढू नको. दुकानात खिशात हात घालू नको. रस्त्यात धावू नको. माझ्या आईनं माझ्या भावांना सांगितलं, मी माझ्या मुलाला सांगितलं. तरी हाड मोडलंच ना?"

त्या प्रसंगी बाई जे बोलल्या ते मला त्यांच्या स्वभावाचे सार वाटते. त्या म्हणाल्या, "मग तुम्ही शिकवा. मी खुर्च्या मांडते. कायद्याचं कुणी विचारलं तर तेवढं मी सांगेन."

जॉयस आजही सांगतात, "ही बाई खरोखरच पहिले कित्येक रविवार नुसत्या खुर्च्या मांडत होती आणि ऐकत होती." आईने मुलाला एकट्याने, घराच्या दारात, घाईघाईने सांगायची गोष्ट त्या दोघींनी मोकळ्या जागी आणली, तिचा सराव करता येऊ लागला, तिच्यावर प्रश्न विचारता येऊ लागले, मुलांना एकमेकांच्या सोबतीने ती शिकता येऊ लागली. ट्रेव्हर आज इलेक्ट्रिशियन आहे. थंडीत खांदा दुखतो म्हणतो, पण जमेल त्या रविवारी वर्गाला येतो आणि नव्या मुलांना पहिला धडा तोच देतो.

वर्गाला विरोध झाला नाही असे नाही. एकदा पालकांच्या बैठकीत एक वडील उठले. टॅक्सीचा व्यवसाय करणारे, भारदस्त गृहस्थ. ते म्हणाले, "माझ्या मुलानं काही गुन्हा केलेला नाही. मग तुम्ही त्याला का शिकवता? जा, पोलिसांना शिकवा. तुम्ही आमच्या मुलांना वाकायला शिकवताय."

सभेत टाळ्या पडल्या. मी बाईंकडे बघितले. त्या उठल्या, आणि त्यांनी पहिले वाक्य उच्चारले ते असे, "तुमचं म्हणणं बरोबर आहे."

मग त्या म्हणाल्या, "हे शिकायची वेळ तुमच्या मुलावर यावी, हाच अन्याय आहे. त्याबद्दल भांडायचंच आहे. पण ते भांडण रस्त्याच्या कडेला, तो एकटा असताना नको. तो घरी येऊ दे. मग आपण सगळे मिळून भांडू, तक्रार करू, आणि मी तुमच्याबरोबर प्रत्येक पायरी चढेन. हा माझा शब्द आहे."

ते गृहस्थ लगेच पटले असे मी म्हणणार नाही. पण पुढच्या रविवारी ते मुलाला घेऊन आले आणि मागे हाताची घडी घालून वर्ग संपेपर्यंत उभे राहिले. नंतर तेच आमच्या वर्गासाठी खरी गाडी आणू लागले. चर्चच्या पार्किंगमध्ये ती उभी असते. खुर्च्यांच्या गाडीला त्यामुळे निवृत्ती मिळाली.

आपल्या मंडळींतही प्रश्न विचारले गेलेच. एका दिवाळीच्या स्नेहसंमेलनात फराळाची ताटली हातात घेऊन एका ज्येष्ठांनी बाईंना विचारले, "बाई, वाईट मानू नका, पण हा त्यांचा प्रश्न आहे. आपण मराठी माणसांनी त्यात कशाला पडायचं?"

बाईंनी चकलीचा तुकडा मोडला आणि म्हणाल्या, "माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसलेलं पोर 'त्यांचं' कसं हो?"

आवाज अजिबात चढलेला नव्हता. उलट त्यांनी त्या गृहस्थांना पुढच्या रविवारचे निमंत्रण दिले. ते आले नाहीत. त्यांची सून आली, आणि ती आता मुलांच्या अल्पोपाहाराचे सगळे बघते.

आता ज्या प्रसंगाने हे काम माझ्या स्वतःच्या घरात शिरले, तो सांगते.

माझी मुलगी ऋचा आणि वर्गात येणारी अबेना एकाच शाळेत, एकाच व्हॉलीबॉल संघात. अबेना तेव्हा सतरा वर्षांची होती, नुकतेच तिला एकटीने गाडी चालवायचे लायसन्स मिळाले होते. बाईंकडे एक पद्धत आहे. वर्गातल्या कोणाला लायसन्स मिळाले की त्या घरी मलिदा करतात. गोड पोहे, ओले खोबरे, वर फळे. त्यांच्या समाजात शुभकार्याला आणि नवस फेडायला तो करतात. अबेनाच्या मलिद्याला ऋचाही गेली होती. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, डिसेंबरातल्या एका दुपारी, दोघी सराव संपवून अबेनाच्या आईच्या गाडीतून घरी येत होत्या. मागे दिवे लुकलुकले. पोलिसांची गाडी.

पुढचे मला ऋचाने सांगितले. ती स्वयंपाकघरात उभी होती, कोटही काढला नव्हता.

"आई, मी चिडले होते. ही गाडी कोणाची, असं त्यानं तिला तीनदा विचारलं. तिनं सांगितलं, आईची. तरी पुन्हा तेच. मी म्हटलं, व्हाय आर यू इव्हन स्टॉपिंग अस? आणि व्हिडिओ घ्यायला फोन काढायला बॅगेत हात घातला. तर तो एकदम मागे सरकला आणि त्याचा हात कमरेला गेला. आणि अबेना मला हळूच म्हणाली, ऋचा, डॅशबोर्डवर हात ठेव. आत्ता. माझ्याकडे न बघता म्हणाली. मग त्याला म्हणाली, सर, माझी मैत्रीण फोन काढत होती, आता तिचे हात वर आहेत. माझं लायसन्स माझ्या पर्समध्ये आहे, काढू का? आई, तिचा आवाज अगदी तुमच्या वर्गातल्यासारखा होता."

पोलिसाने कागद बघितले, गाडीभोवती एक फेरी मारली, 'अशाच रंगाची गाडी शोधतोय' असे म्हणाला आणि निघून गेला. दोघी घरी पोचल्या. सांगून झाल्यावर ऋचाने कोट काढून खुर्चीवर टाकला. तिने मला विचारले, "तू अख्ख्या वर्गाला शिकवतेस. पण तो माझ्याशी तसं बोललाच नाही. मी बॅगेत हात घातला तेवढं सोडलं तर माझ्याकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही. सगळं तिलाच. असं का?" मी बाईंना फोन केला.

बाई अबेनाच्या घरी आल्या तेव्हा ऋचा आणि मीही तिथे पोचलो होतो. अबेनाची आई तिला जवळ घेऊन बसली होती. आमच्यापैकी प्रत्येकाने तोवर अबेनाला शाबासकी दिली होती. किती शांत राहिलीस, किती शहाणी आहेस. बाईंनी शाबासकी दिली नाही. त्यांनी खुर्ची ओढली, तिच्यासमोर बसल्या आणि विचारले, "कसं वाटतंय?"

अबेना एकदम म्हणाली, "मिस, मी सगळं बरोबर केलं. प्रत्येक गोष्ट. तुम्ही सांगितलं तसं. मग मला इतकं घाण का वाटतंय?"

"कारण तू काहीच चुकीचं केलं नव्हतंस," बाई म्हणाल्या. "बरोबर वागायची परीक्षा त्यानं द्यायची, ती तुला द्यावी लागली. राग येणारच. तो गिळू नकोस. तो उपयोगी आहे."

तेव्हा ती पोर रडली. बराच वेळ. बाई तिचा हात धरून बसल्या. नंतर त्यांनी विचारले, "तक्रार करायची का? तू म्हणशील तसं. नाही म्हणालीस तरी मी तुझ्यावर नाराज होणार नाही."

अबेनाने आईकडे बघितले. आई घाबरलेली होती. पुढे नोकरीत, कॉलेजात नडेल असे तिला वाटत होते. अबेना म्हणाली, "करायची. बिल्ला नंबर माझ्या लक्षात आहे."

पुढचे महिने सोपे नव्हते. जबाब झाले, तेच तेच प्रश्न पुन्हा विचारले गेले, तारखा पुढे गेल्या. पालकांच्या सभेत दिलेला शब्द बाईंनी इथे पाळला. प्रत्येक वेळी त्या अबेनाबरोबर गेल्या. रस्त्यावर बर्फ घट्ट झालेला असताना, गुडघा दुखत असताना गेल्या. एकदा मी म्हटले, "बाई, आज मी जाते, तुम्ही आराम करा." त्या म्हणाल्या, "तुम्ही पोलीस आहात. ती माझ्याबरोबर बरी." आणि स्वतःच खूप हसल्या.

शेवटी निकाल लागला. थांबवण्याला पुरेसे कारण नव्हते आणि पोलिसाची वागणूक योग्य नव्हती, असे वरिष्ठांनी मान्य केले. त्याला समज दिली गेली आणि पुन्हा प्रशिक्षणाला पाठवले गेले. कोणाला हे थोडे वाटेल. अबेनाच्या आईला ते थोडे वाटले नाही. तिने तो निकाल फोनवर घानातल्या आपल्या आईला वाचून दाखवला.

त्याहून मोठी गोष्ट पुढे घडली. त्या ठाण्याच्या प्रमुख अधिकाऱ्यांनी बाईंना विचारले, आमच्या नव्या लोकांशी बोलाल का? बाई म्हणाल्या, "मी कशाला? जिच्याशी झालं ती बोलेल, तिची इच्छा असेल तर." अबेनाने दोन दिवस विचार केला आणि होकार दिला.

त्या दिवशी मीही गेले होते. लांबट खोली, रांगेत गणवेशातली तरुण माणसे, समोर एक सतरा वर्षांची मुलगी. बाई आणि जॉयस बाजूला बसलेल्या. अबेना म्हणाली, "तुम्ही माझ्या खिडकीपाशी येता तेव्हा मला तुमच्याबद्दल काहीच माहीत नसतं. तुम्हाला माझ्याबद्दल काही माहीत नसतं. मी हात दाखवते. तुम्ही मला कारण दाखवा. का थांबवलं, ते पहिल्या वाक्यात सांगा. माझे हात कमी थरथरतील. तुमचेसुद्धा."

मग मागून एक अधिकारी म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले, "आम्हालाही भीती वाटते. समोर कोण आहे ते आम्हालाही कळत नाही."

बाई तेव्हा पहिल्यांदा बोलल्या. "माझे वडील पोलिसात होते. फौजदार. ते रात्रपाळीला जाताना माझी आई देवाचं नाव घेत दारात उभी राहायची, ते मी बघितलंय. भीती गणवेशाच्या आत असते, ते मला कोणी सांगायला नको. पण ती भीती सांभाळायचा तुम्हाला पगार मिळतो. या मुलीला मिळत नाही."

ते अधिकारी हसले. ओशाळून, पण हसले. त्यांनी मान डोलावली. सभा संपल्यावर ते स्वतः अबेनाजवळ आले आणि तिचे नाव नीट कसे उच्चारायचे ते त्यांनी विचारून घेतले. आता त्या ठाण्यातली नवी माणसे दर वर्षी आमच्या मुलांसमोर बसतात. प्रश्न मुले विचारतात. अबेना युनिव्हर्सिटीत गेली, काय शिकते आहे असे विचारले तर "अजून ठरवलं नाही" म्हणते, आणि बाई म्हणतात, "अजिबात घाई करू नकोस." ऋचा आता रविवारी माझ्याबरोबर येते. माझ्यापेक्षा चांगली पोलीस होते, असे मुलांचे मत आहे.

बाईंच्या कामाविषयी लिहिताना त्यांच्या मायेविषयी राहून जाऊ नये. माझी आई शेवटी नागपूरहून आली तेव्हा इथला हिवाळा तिच्या अंगावर आला. मी आणि माझा नवरा कामावर, ऋचा शाळेत, आणि ती आमच्या फ्लॅटच्या खिडकीशी दिवसभर एकटी. जेवण कमी झाले, बोलणे बंद झाले. मी बाईंना काही सांगितले नव्हते. ऋचाच बोलता बोलता बोलून गेली असावी. पुढच्या गुरुवारी दुपारी बाई दारात हजर. आईला म्हणाल्या, "मला भरल्या वांग्यांची नागपूरकडची पद्धत शिकायचीय. येते का तुम्हाला?" आई तीन आठवड्यांत पहिल्यांदा उठून ओट्यापाशी उभी राहिली. ते गुरुवार मग चालूच राहिले. बाई तिला बर्फावर पाय कसा टाकायचा ते शिकवायच्या, ग्रोसरीला न्यायच्या, आणि परत आल्यावर दोघी चहा पीत आपापल्या माहेरच्या गोष्टी सांगायच्या. आई परत जाताना विमानतळावर मला म्हणाली, "तुझी काळजी नाही वाटत आता. त्या आहेत ना इथं."

असे त्यांनी कितीजणांना वाटायला लावले असेल, याचा हिशेब मला मांडता येणार नाही. या ग्रंथातली इतर पाने वाचकांना ते सांगतीलच.

आज बाई पंचाहत्तर वर्षांच्या झाल्या आहेत. वसंतात त्यांच्या गुडघ्याचे ऑपरेशन आहे. डॉक्टरांनी काही महिने विश्रांती सांगितली आहे. बाईंनी मात्र ते 'काही आठवडे' असेच ऐकले आहे. जॉयस यांनी मला खासगीत सांगितले आहे की वर्गाची व्यवस्था झाली आहे, काळजी नको, आणि बाई मध्येच उठून आल्या तर त्यांना परत गाडीत बसवायचे काम माझे.

बाई, आम्हा सर्वांची तुमच्यासाठी एक प्रार्थना आहे. तुम्ही एकदा सहज म्हणाला होतात, "हा वर्ग बंद पडेल त्या दिवशी मला सर्वांत जास्त आनंद होईल." मुलांना त्याची गरजच उरली नाही म्हणून तो बंद पडेल, असे तुम्हाला म्हणायचे होते. तो दिवस यायला वेळ लागेल; पण तो येणार याबद्दल, तुमच्याबरोबर काम केलेल्या आमच्यापैकी एकाच्याही मनात शंका नाही. तुमचे गुडघे बरे होवोत, तुमचा आवाज असाच राहो, आणि तुम्हाला एवढे मोठे, निरोगी आयुष्य मिळो की त्या रविवारी बेसमेंटचे दिवे तुमच्याच हाताने मालवता येतील, आणि आपण सगळे, मुलांसकट, दुपारची झोप काढायला आपापल्या घरी जाऊ.